मार्लिसबाईंचा नकार

लॉबीवाल्यांचा मला मनापासून तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकते. एकोणतीस वर्षं मी वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या संसदेत, कॅपिटॉल हिलवर एकाच टेबलाशी बसले आहे. काँग्रेसमन साल पेट्रोन यांची भेटीची वही माझ्या हातात असते. साहेबांना कोण भेटणार, किती मिनिटं भेटणार, आणि कोणाला "साहेब फार गडबडीत आहेत हो" म्हणून वाटेला लावायचं, ते मी ठरवते. साहेब न्यूआर्कचे. विम्याचे कायदे जिथे शिजतात त्या समितीचे ते अध्यक्ष, त्यामुळे विमा कंपन्यांची माणसं माझ्या टेबलाभोवती कायम घुटमळत असतात. "मिस ओडेसा, आज काय सुंदर दिसताय!" अरे मेल्या, काल पण हाच झगा होता! सगळं आवळा देऊन कोहळा काढायचं काम.

हॉलिस प्रूइट त्यातला नव्हता. तसा तोही लॉबीवालाच, सोवळं नेसलेला नव्हे. मूळचा जॉर्जियाचा, साठीचा, ताडमाड उंच, बुटांचे तळ झिजलेले. बड्या कंपन्यांच्या लोकांना अख्ख्या इमारती. याचं ऑफिस म्हणजे धोब्याच्या दुकानावरची एक खोली. खेड्यापाड्यातल्या चिमुकल्या विमा मंडळ्यांची एक संघटना आहे, तिच्या वतीने तो कायदे करणाऱ्यांच्या मागे लागतो.

पहिल्यांदा आला तेव्हा मी नेहमीचंच सांगितलं, साहेबांना वेळ नाही. तो म्हणाला, "साहेब नकोतच मला. विम्याचं काम कोण बघतं तुमच्याकडे? त्यांची दहा मिनिटं द्या." तेव्हाच मी मान वर करून बघितलं. कायदा कोण लिहितं हे या माणसाला ठाऊक होतं. साहेब लोक फोटोत असतात. शब्द लिहितात ते आमच्या आतल्या खोलीतले लोक.

विम्याचं काम बघणाऱ्या आमच्या बाईला त्याने एक कागद दिला. पुढच्या बाजूला त्याचं म्हणणं. आणि मागच्या बाजूला? त्याच्या विरोधकांचं म्हणणं, त्यांनी स्वतःही मांडलं नसतं इतकं नेटकं, वर त्यांचे फोन नंबर! मी म्हटलं, "तुम्हाला वेडबीड लागलंय का? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय."

"मिस ओडेसा, ते तिला उद्या कळणारच आहे," तो म्हणाला. "मग माझ्याकडून कळलेलं काय वाईट? या गावात माणूस खोटं एकदाच बोलू शकतो. पुढच्या वेळी त्याचा फोन कोणी उचलत नाही."

पुढे असं झालं की विम्यातलं काही अडलं की आमची माणसं पहिला फोन हॉलिसला लावायची. उत्तर त्याच्याच विरुद्ध जाणारं असलं तरी तो खरं तेच सांगायचा. आता अशा माणसाचा राग तरी कसा करायचा, सांगा.

त्या वर्षी साहेबांच्या समितीपुढे एक मोठं विधेयक आलं. देशातल्या प्रत्येक विमा कंपनीने, लहान असो की मोठी, दर तीन महिन्यांनी वॉशिंग्टनच्या एका नव्या कचेरीला अहवाल द्यायचा, तोही विम्याच्या गणितातल्या तज्ज्ञाच्या सहीनिशी. हेतू चांगलाच होता. कंपनी आतून पोकळ झाली तर लोकांना आधी कळावं. बड्या कंपन्याही खूश. पन्नास राज्यांचे पन्नास नियम पाळण्यापेक्षा एकच बरा, आणि असले अहवाल खरडायला त्यांच्याकडे मजलेच्या मजले माणसं.

हॉलिसच्या मंडळ्यांकडे मजले कुठले! त्यातलीच एक मार्लिस ऑस्टलंड या बाईंची, पश्चिम मिनेसोटातली. शहरातल्या कंपन्या शेतकऱ्यांच्या लाकडी कोठारांना दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा त्यांच्या पणजोबांच्या पिढीने एकत्र येऊन म्हटलं, तुझं जळलं तर आम्ही सगळे भरू, आमचं जळलं तर तू भर. तीच ही मंडळी. अकराशे घरं, ऑफिसात तीन बायका, आणि मार्लिसबाई मॅनेजर. तज्ज्ञाच्या सहीचा खर्चच दोन बायकांच्या पगारांहून जास्त होणार होता. विधेयक आहे तसं गेलं तर ख्रिसमसच्या आत त्या ऑफिसला कुलूप, हे नक्की होतं.

यातून वाचायला विधेयकात एकच वाक्य हवं होतं. एवढ्याएवढ्या आकाराच्या, एकाच राज्यातल्या, शेतकऱ्यांच्या मालकीच्या मंडळ्यांना हा कायदा लागू नाही, असं. बुधवारी सकाळी दहाला समिती विधेयकावर बसणार होती. एकदा का ती उठली की मग देवसुद्धा आडवा येणार नव्हता. हॉलिसच्या डोक्यावरही टांगती तलवार होतीच. त्याच्या संघटनेच्या अध्यक्षाने बजावलं होतं, मुदतवाढ आण, अर्धमुर्धं आण, काहीही आण. रिकाम्या हाताने आलास तर पुढच्या वर्षी आपला राम राम. हे त्यानेच मला सांगितलं, तेही हसत. मंगळवारी दुपारी मी त्याला साहेबांची अकरा मिनिटं दिली.

"मी बोलणार नाही," तो म्हणाला. "मार्लिस बोलेल. माझं ऐकून त्यांचे कान किटले असतील."

मार्लिसबाई आल्या. सदुसष्ट वर्षांच्या, गोल चेहरा, नवे कोरे बूट, आणि हातात बर्फाची पिशवी.

"हे काय आणलंत?" मी विचारलं.

"काही नाही हो, साधंच हॉटडिश. खिमा, वर बटाटे. घरून गोठवून आणलं. भट्टीत अर्धा तास ठेवलंत की झालं."

हॉलिसने कपाळाला हात लावला. आमच्याकडे नियम असा, की लॉबीवाल्यांच्या मंडळींकडून जेवण घ्यायचं नाही. उभ्याउभ्या काडीने उचलून तोंडात टाकता आलं तर एक वेळ चालतं. काटा लागला की ते जेवण.

"काटा लागेल ना याला?" मी म्हटलं.

बाईंचा चेहरा पडला. "मग मी बारीक तुकडे करून देऊ का?"

हॉलिसने ती पिशवी हळूच काढून घेतली, आणि तेवढ्यात मतदानाची घंटा वाजली. घंटा झाली की पंधरा मिनिटांत साहेबांना सभागृहात पोचावंच लागतं. अकरा मिनिटं गेली पाण्यात. साहेब कोट चढवत बाहेर आले आणि म्हणाले, "चालता चालता बोला! ओडेसा, वही घे, चल."

आमच्या इमारतीतून कॅपिटॉलकडे जमिनीखालून वाट जाते. साहेब पुढे तरातरा, मार्लिसबाई नव्या बुटांत मागे लगबग, मी आणि हॉलिस शेवटी.

"बोला बाई, काय अडचण आहे तुमची?" साहेबांनी विचारलं.

"अडचण अशी नाही हो. तुम्ही एवढ्या कामात वेळ दिलात हेच खूप झालं."

"या विधेयकाने तुमची मंडळी बंद पडेल म्हणे?"

"हो, म्हणजे, जरा जड जाईल. पण आम्ही निभावून नेऊ. तुमच्यापुढे केवढाले प्रश्न आहेत! आमच्यासाठी तुम्ही त्रास नका करून घेऊ."

साहेब थांबले. त्यांचा चेहरा असा खुलला! "सगळे तुमच्यासारखे असते तर काय पाहिजे होतं!" त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन दाबला आणि लिफ्टमध्ये शिरले. दार बंद.

मार्लिसबाई आमच्याकडे वळल्या, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. "किती सज्जन गृहस्थ! मी छान बोलले ना?"

माझा ताबा सुटला. "अहो बाई, काय करून बसलात हे! हजार मैल विमानाने आलात आणि 'त्रास नका करून घेऊ'? भीड ही भिकेची बहीण असते, कोणी शिकवलं नाही का तुम्हाला? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही!"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. हॉलिसने मला बाजूला घेतलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला खरंच नवल वाटलं, कारण बुडालं होतं ते त्याचं वर्षभराचं काम.

"चूक माझी आहे, मिस ओडेसा. तिच्या गावाकडे लोक कसे बोलतात ते मला माहीत होतं. तिकडे कोणी कॉफी घेणार का विचारलं तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा 'उगाच कशाला' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तरच 'बरं, केलेलीच असेल तर घेते'. पहिल्याच फटक्याला हो म्हणणारा माणूस तिकडे हावरट ठरतो."

"आणि आमचे साहेब न्यूआर्कचे," मी म्हटलं. "तिथे एकदा नको म्हटलं की समोरचा तुमची कॉफीपण पिऊन टाकतो."

"परत येताना याच वाटेने येतील ना?"

"चाळीस मिनिटांनी. पण वहीत जागा नाही, आधीच सांगते."

"जागा कोण मागतंय? आम्ही फक्त भिंतीला टेकून उभे राहू."

मी जायला हवं होतं, टेबलावर कामाचा डोंगर होता. पण पाय निघेना. हॉलिसने बाईंना बाकावर बसवलं. मला वाटलं, आता घोकून घेईल. इतर लॉबीवाले तेच करतात. वाक्यं पाठ करून घेतात, कुठे डोळ्यांत पाणी आणायचं तेसुद्धा. याने एकच विचारलं. "मार्लिस, शेवटचं कोणाचं घर जळलं?"

"बर्नेट हॉगेनचं. जानेवारीत."

आणि मग बाई बोलायला लागल्या. ही बर्नेट म्हणजे एकटी विधवा, घरात लाकडाची शेगडी, आगीचा बंब बावीस मैलांवर. एकाही मोठ्या कंपनीने तिचा विमा घेतला नव्हता. बोलता बोलता मार्लिसबाईंचा आवाज चढला, हात हलायला लागले. स्वतःसाठी कॉफी न मागणारी बाई, पण दुसऱ्यासाठी बोलताना वाघीण!

"हेच साहेबांना सांग," हॉलिस म्हणाला. "तुझं काही सांगू नकोस. आणि वादळाचं वर्षही सांग."

"ते कशाला?" मीच मध्ये बोलले. ते वर्ष त्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला होतं, मला माहीत होतं. त्या वर्षी यांची तिजोरी पुरली नव्हती. विरोधकांच्या हातातलं तेच तर कोलीत!

"म्हणूनच," हॉलिस म्हणाला.

साहेब परतले ते कपाळाला आठ्या घालून. आम्हाला बघून आठ्या वाढल्या. "आता काय?"

"बर्नेट हॉगेन," मार्लिसबाई म्हणाल्या आणि साहेबांच्या बरोबरीने चालायला लागल्या. या खेपेला त्या मागे राहिल्या नाहीत. "तिचं घर जळलं तेव्हा उणे तीस होतं. मी सकाळी सहाला पोचले, पुढे ट्रॅक्टर बर्फ काढत होता. ती शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात नवऱ्याचा कोट घालून बसली होती. तुमच्या कायद्यानंतर तिच्याकडे सहाला कोण जाणार, तेवढं सांगा मला."

साहेबांची चाल मंदावली. "पण तुमच्याकडे पैसे आहेत हे कोण तपासणार? उद्या बुडालात तर?"

"एकदा बुडत होतो. वादळाचं वर्ष होतं, दोनशे कोठारं आडवी झाली, पैसे पुरले नाहीत. सभासदांकडे जादा वर्गणी मागितली. सगळ्यांनी दिली, दोघं सोडून."

"त्या दोघांचं काय केलंत?"

"काही नाही. एकाने पुढच्या वर्षी दिली. दुसऱ्याने डुक्कर आणून बांधलं."

साहेब खो खो हसले. भुयारात तो आवाज घुमला. मग ते हॉलिसकडे वळले. "तुमचं बघून मोठेही अपवाद मागतील त्याचं काय?"

"मागू देत. वाक्यात आकाराची मर्यादा घातली आहे. ते त्यात बसत नाहीत, आणि माझ्याही तीन मंडळ्या बसत नाहीत. त्यांना मी सांगितलंय."

"लिहून आणलंय?"

हॉलिसने कागद दिला. साहेबांनी आधी मागची बाजू वाचली, मग पुढची, आणि घडी घालून खिशात टाकला.

बुधवारी समितीच्या खोलीबाहेर रांग लागली. बसायला जागा मोजक्याच, म्हणून बड्या कंपन्या रांगेत उभं राहायला माणसं भाड्याने घेतात. दहाला दोन मिनिटं असताना गरम कोटवाले येतात आणि भाड्याच्या माणसाच्या जागी उभे राहतात. हॉलिस पहाटे पाचपासून स्वतः उभा होता. मार्लिसबाईंना त्याने नऊला बोलावलं. दोघांना शेवटच्या ओळीत जागा मिळाली. साहेब चष्मा विसरले होते, तो द्यायला मी आत गेले आणि भिंतीशी उभी राहिले.

साहेबांनी हॉलिसचं वाक्य मांडलं. लगेच समोरच्या पक्षाचे एक सदस्य उठले. सवलत कायमची नको, ते म्हणाले, दोन वर्षांची मुदत द्या; तेवढं आमच्या बाजूने सगळे एकमताने देतील. खोलीत कुजबुज झाली. साहेबांनी मतं मोजली असावीत. पूर्ण वाक्याला बहुमत अगदी काठावर होतं, पडलं तर दोन्ही जाणार. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं, माईकवर हात ठेवला.

"त्या बाईंना विचार, दोन वर्षं पुरतील का. पळ."

मी शेवटच्या ओळीपाशी गेले. पहिल्यांदा हॉलिसकडेच बघितलं. उत्तर तोच देणार असं मी धरून चालले होते. दोन वर्षांची मुदत घेऊन तो ताठ मानेने संघटनेकडे गेला असता, नोकरी शाबूत राहिली असती. त्याने नुसतं "हो" म्हटलं असतं तर कोणी नावही ठेवलं नसतं.

"मंडळी तिची आहे, मिस ओडेसा," तो म्हणाला. "तिला विचारा." आणि हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसला. त्याने बाईंकडे डोळ्याच्या कोपऱ्यातूनही बघितलं नाही. उगाच खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला. मी या हिलवर मोठमोठे लोक पाहिलेत, पण एवढा मोठा माणूस कमीच.

"बाई, साहेब विचारतायत, दोन वर्षांची मुदत पुरेल का?"

"दोन वर्षं! किती समजूतदारपणे वागतायत हो. आभारी आहे म्हणावं."

हे उत्तर घेऊन मी परत गेले असते तर काम संपलं असतं. वर साहेब बोटं नाचवत होते. मी जागची हलले नाही.

"ते सांगते. पण पुरेल का?"

"आता एवढं करतायत तर... आम्ही करू काहीतरी."

"ओडेसा!" साहेबांनी माईकवरूनच हाक मारली. अख्खी खोली माझ्याकडे बघायला लागली. एकोणतीस वर्षांत साहेबांना मी कधी ताटकळत ठेवलं नव्हतं.

मी बाईंच्या समोर वाकले. "मार्लिसबाई, तिसऱ्यांदा विचारतेय. पुरेल का?"

त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. हॉलिसची बोटं गुडघ्यांवर पांढरी पडली होती.

"नाही," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "नाही पुरणार. मी सदुसष्टची आहे. माझ्या जागी यायला आमच्या गावची कॅरीन तयार झालीय, शहरातली नोकरी सोडून येतेय. तिला काय सांगू, ये, दोन वर्षांनी मरणार आहे ते सांभाळायला? कोणी येणार नाही. हवं तर आजच बंद करा. पण दोन वर्षं नकोत. नाही म्हणून सांगा."

पुढच्या दोन ओळी वळून बघत होत्या. मी धावत साहेबांकडे गेले. "नाही म्हणतायत."

"नक्की? काल तर काहीच नको म्हणत होती."

"साहेब, काल काहीच न मागणारी बाई आज नाही म्हणतेय. आता तुम्हीच काय ते समजा."

साहेबांनी क्षणभर शेवटच्या ओळीकडे बघितलं, आणि पूर्ण वाक्य मताला टाकलं. नावं पुकारली गेली. मी बोटांवर मोजत होते, दोनदा चुकले. दोन मतांनी मंजूर.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही मार्लिसबाईंना बाकावर बसवलं. हॉलिस म्हणाला, अजून सभागृह आहे, मग सिनेट आहे, अर्धीच वाट झालीय. पण बोलता बोलता तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी चक्क त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मी फार उद्धट बोलले का हो?" बाईंनी मला विचारलं.

"बोललात," मी म्हटलं. "झकास बोललात."

त्यांनी पर्समधून फोन काढला. पलीकडून कोणीतरी "हॅलो" म्हटलं.

"कॅरीन," त्या म्हणाल्या, "अगं, तिकडचा राजीनामा दे."